'थ्री बॉडी प्रॉब्लेम' आणि तिचे प्रेक्षक: एका प्रसंगावरून पेटलेल्या भांडणाचं प्रकरण

21 मार्च 2024 ला नेटफ्लिक्सवर 'थ्री बॉडी प्रॉब्लेम'चे आठही भाग एकदम आले आणि दोन-तीन दिवसांत प्रेक्षकांची अशी जुंपली की विचारू नका. बातम्यांमधे बहुतेक ठिकाणी एकच सूर होता, चिनी लोक भडकले आणि बाकीच्या जगाला आवडली. मी त्या काळात जमेल तितक्या प्रतिक्रिया वाचत होतो, भाषांतरं करून करून, आणि मला ते चित्र अर्धवट वाटत होतं. भांडण होतं हे खरं, पण कशावरून होतं ते कोणी नीट मांडत नव्हतं, म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय. मालिका बघायची असेल तर आधी बघून या, पुढे गोष्ट फुटणार आहे.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिऊ त्सिशिन या चिनी लेखकाची कादंबरी 2006 मधे चीनच्या एका विज्ञानकथा मासिकात क्रमशः आली, 2008 ला पुस्तक झालं, पुढे त्याची त्रयी झाली. 2014 ला केन लिऊने केलेलं इंग्रजी भाषांतर आलं आणि 2015 ला त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, आशियाई लेखकाच्या कादंबरीला तो पहिल्यांदाच. गोष्ट परग्रहवासीयांच्या आक्रमणाची आहे, पण यानं आकाशात येऊन शहरं जाळतायत असला प्रकार नाही. ते निघालेत आणि पोचायला चारशे वर्षं लागणार आहेत. आणि त्यांना इथे बोलावलंय पृथ्वीवरच्याच एका बाईने, ये वेन्जिए नावाच्या.

ती का बोलावते हा सगळ्या गोष्टीचा कणा आहे.

मालिका सुरू होते ती थेट 1960 च्या दशकातल्या माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात. मैदानात प्रचंड गर्दी, घोषणा, स्टेजवर एक भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, गळ्यात पाटी, डोक्यावर अपमानाची उंच टोपी. त्याचा गुन्हा काय तर आइन्स्टाइनची सापेक्षता शिकवली. त्याची स्वतःची बायको, तीही भौतिकशास्त्रातलीच, स्टेजवर येऊन त्याच्या विरोधात बोलते. आणि मग रेड गार्डच्या, म्हणजे माओच्या तरुण समर्थकांच्या दलातल्या, कोवळ्या वयाच्या मुली त्याला पट्ट्याने मारत राहतात, तो मरेपर्यंत. गर्दीत उभी राहून त्याची मुलगी हे बघते, तीच ये वेन्जिए. पहिले दोन भाग हाँगकाँगच्या डेरेक त्सांगने दिग्दर्शित केलेत आणि त्याने हा प्रसंग जसा घेतलाय तसा टीव्हीवर मी क्वचितच पाहिलाय, कॅमेरा कुठे लपत नाही आणि उगाच रक्तही उधळत नाही.

आता या प्रसंगावर चीनमधून काय आलं ते बघू. पहिली गोष्ट ही की नेटफ्लिक्स चीनमधे चालतच नाही, म्हणजे ज्यांनी पाहिली त्यांनी व्हीपीएन लावून नाहीतर पायरेटेड कॉपी मिळवून पाहिली, आणि तरीसुद्धा वेइबो या चिनी समाजमाध्यमावर मालिका जोरात चर्चेत होती. एक मोठा गट म्हणत होता की पाश्चात्त्यांना आमचं काही घ्यायचं झालं की फक्त आमचं वाईटच दिसतं, जे जे भयानक ते चीनमधे घडतं आणि जगाला वाचवायला मात्र लंडनमधली तरुण मंडळी. ही तक्रार एका झटक्यात राष्ट्रवादी म्हणून बाजूला टाकायची मला पटत नाही, कारण मालिकेची मांडणी बघितली तर तिच्यात तथ्य आहे, त्यावर पुढे येतो.

पण दुसराही गट होता आणि त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं. हे लोक म्हणत होते की घडलं ते घडलं, हे आपल्या आजी-आजोबांनी भोगलंय, कोणीतरी दाखवलं तर राग कसला येतो. चीनबाहेर राहणाऱ्या चिनी लोकांत तर बऱ्याच जणांनी लिहिलं की त्या प्रसंगानंतर मालिका थांबवावी लागली, आई-वडिलांकडून जे अर्धवट ऐकलं होतं ते समोर दिसलं म्हणून. एकाच प्रसंगावर एक जण म्हणतो बदनामी आणि दुसरा म्हणतो अखेर कोणीतरी दाखवलं, आणि दोघंही चिनीच, मग 'चिनी प्रेक्षक भडकले' या वाक्याला काय अर्थ राहतो?

आणि बदनामीच्या मुद्द्यावर एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. तो प्रसंग कोणा अमेरिकन लेखकाने घुसडलेला नाही, तो लिऊ त्सिशिनचाच आहे, कादंबरीतलाच आहे. 1966 च्या ऑगस्टमधे बीजिंगमधल्या एका मुलींच्या शाळेत ब्यान चोंगयुन या उपमुख्याध्यापिकेला तिच्या विद्यार्थिनींनीच मारून टाकलं होतं, हा इतिहास आहे. सापेक्षता सिद्धांतावर टीका करायला त्या काळात खरंच गट बसवले होते. 1981 च्या जूनमधे खुद्द चिनी कम्युनिस्ट पक्षाने ठराव करून सांस्कृतिक क्रांती ही गंभीर चूक होती, देशाचं मोठं नुकसान झालं असं मान्य केलंय. म्हणजे पक्षाने स्वतः चाळीस वर्षांपूर्वी जे कबूल केलं ते पडद्यावर दिसलं की आजच्या विशी-पंचविशीतल्या मुलाला तो परदेशी कट वाटतो. यात त्या मुलाचा दोष किती आणि त्याला तो इतिहास किती कमी सांगितला गेला याचा किती, हा प्रश्न मला त्या सगळ्या गदारोळात सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

पुस्तकाचंच बघा ना. लिऊला कादंबरी याच प्रसंगाने सुरू करायची होती, पण 2008 च्या चिनी पुस्तकात तो भाग आत, मधे कुठेतरी नेऊन ठेवला, कारण सुरुवातीलाच राजकीय काही नको अशी भीती होती. केन लिऊला भाषांतर करताना वाटलं की ही गोष्ट इथूनच सुरू व्हायला हवी, त्याने लेखकाला विचारलं, लेखक म्हणाला माझ्या मनात तसंच होतं. म्हणून इंग्रजी वाचकाला तो प्रसंग पहिल्या पानांवर मिळतो आणि चिनी वाचकाला बरंच पुढे गेल्यावर. आता विचार करा, चिनी वाचकाच्या डोक्यात ही कादंबरी म्हणजे एक नॅनो-मटेरियलवाला संशोधक, एक बेरकी पोलीस, आत्महत्या करणारे वैज्ञानिक, डोळ्यांपुढे दिसणारं काउंटडाउन, अशी रहस्यकथा म्हणून सुरू होते. आणि मालिका लावल्या लावल्या समोर येतं स्टेजवरचं ते मारणं. त्याला धक्का बसणारच, आणि 'हे मुद्दाम पुढे आणलं' असंही वाटणारच. पुढे आणलं हे खरंय, फक्त ते लेखकाला हवं होतं त्याच जागी परत नेलं.

बरं, मालिका यायच्या आधीपासूनच लोकांनी बाजू घेऊन ठेवल्या होत्या. सप्टेंबर 2020 मधे नेटफ्लिक्सने घोषणा केली आणि त्याच महिन्यात अमेरिकेतल्या पाच रिपब्लिकन सिनेटरांनी पत्र लिहून जाब विचारला की शिनजियांगमधल्या उइगुर मुसलमानांबद्दल चिनी सरकारची बाजू घेणाऱ्या लेखकाची मालिका तुम्ही करताच कशी. नेटफ्लिक्सने उत्तर दिलं की लिऊ पुस्तकाचा लेखक आहे, मालिकेचा निर्माता नाही. म्हणजे तिकडून चीनधार्जिणी आणि चार वर्षांनी इकडून चीनविरोधी. शिवाय मालिकेचे निर्माते बेनिऑफ आणि वाइस म्हणजे 'गेम ऑफ थ्रोन्स'ची जोडी, 2019 च्या शेवटच्या सीझनचा राग प्रेक्षकांच्या मनात ताजा, त्यामुळे अलेक्झांडर वू तिसरा निर्माता म्हणून सोबत असूनही बरेच लोक पहिल्या भागापासून चुका शोधायला बसले होते.

आता चिनी प्रेक्षकांकडे स्वतःची मालिका आधीपासून होती हे विसरून चालणार नाही. टेन्सेंट या चिनी कंपनीची 'थ्री बॉडी' जानेवारी 2023 मधे आली, तीस भाग, पुस्तकाला जवळजवळ पानापानाने धरून. यू हवेइने केलेला पोलीस दा शी लोकांना इतका आवडला की नेटफ्लिक्सच्या बेनेडिक्ट वाँगला त्याच्याशी तुलना सोसावी लागली, खरंतर वाँगनेही काम झकास केलंय. ती मालिका संथ आहे, एक पत्रकार बाईचं पात्र नव्याने घातलंय जे अनेकांना भरतीचं वाटलं, पण विज्ञान समजावून सांगायला ती भरपूर वेळ घेते आणि पुस्तकवेड्यांना तेच हवं होतं. सांस्कृतिक क्रांतीचा तो प्रसंग मात्र तिथे तसा उघडपणे नाही, वडिलांचा मृत्यू आडून आडून कळतो. आणि मग होतं काय की ये वेन्जिए एक दुःखी, गूढ बाई म्हणून दिसते, तिच्या आतला राग कुठून आला ते प्रेक्षकाला स्वतः भरून घ्यावं लागतं. ज्याने पुस्तक वाचलंय तो भरून घेतो. बाकीच्यांचं काय?

इथे अजून एक पुरावा आहे जो 'सगळं राष्ट्रवादापोटी' या म्हणण्याला छेद देतो. डिसेंबर 2022 मधे बिलिबिली या चिनी व्हिडिओ साइटने याच कथेची अॅनिमेशन मालिका काढली होती, पूर्णपणे चिनी, चिनी पैसा, चिनी टीम, आणि तिला चिनी चाहत्यांनी अक्षरशः धुतलं. त्याउलट काही चाहत्यांनी माइनक्राफ्ट गेम वापरून, सुरुवातीला अगदी साध्या साधनांनी, जी मालिका बनवली होती तिच्यावर लोक जीव टाकतात. म्हणजे यांचा राग परदेशी-देशी बघून ठरत नव्हता. पुस्तकाचा गाभा धरलाय की नाही हे ते बघत होते, आणि तो गाभा काय यावर मात्र त्यांच्यात एकमत नव्हतं.

वर मांडणीबद्दल पुढे येतो म्हटलं होतं, ती लंडनमधल्या तरुण मंडळींची, म्हणजे पाच मित्रांची भानगड. पुस्तकांमधे ही मुख्य माणसं वेगवेगळ्या भागांतली, बहुतेक एकमेकांना न ओळखणारी आहेत. मालिकेने त्या सगळ्यांना ऑक्सफर्डमधल्या जुन्या मित्रांचा ग्रुप करून टाकलं. पहिल्या पुस्तकातला वांग म्याव फुटून त्याचं काउंटडाउन आणि नॅनोफायबर ऑगीकडे गेलं, व्हीआर गेम जिनकडे, दुसऱ्या पुस्तकातला लुओ जी झाला सॉल, तिसऱ्यातला युन त्यानमिंग झाला विल. चिनी नावं जाऊन मेक्सिकन, कृष्णवर्णीय, इंग्रज पात्रं आली, ब्रिटिश नौदलात भारतीय वंशाचा राज वर्मा आला ज्याच्याबद्दल आपल्याकडच्या प्रेक्षकांनी कौतुकाने लिहिलं. चिनी प्रेक्षकांना काय खुपलं तर ये वेन्जिए चिनीच राहिली, बोलावणारी ती, आणि लढणारे बहुतेक सगळे बाहेरचे. जिन चेंग चिनी वंशाची आहे पण वाढली न्यूझीलंडमधे. ही तक्रार मला शंभर टक्के रास्त वाटते. जागतिक गोष्ट करायची म्हणून पात्रं जगभर वाटलीत तर चिनी वैज्ञानिकांनाही लढणाऱ्यांत मोठी जागा द्यायला हवी होती, तसं करायला कोणी अडवलं नव्हतं.

मित्रांच्या ग्रुपचा दुसरा तोटा पाश्चात्त्य पुस्तकवाचकांनी दाखवला. कादंबरीत वांग म्यावला ब्रह्मांड लुकलुकताना दिसतं ते पार्श्वभूमी प्रारणात, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीपासून उरलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या मंद लहरींत, त्यासाठी खास चष्मा लावावा लागतो, आणि त्या एकट्याने ते बघण्यात एक थंड भीती आहे. मालिकेत आख्खं आकाश डोळे मिचकावतं, सगळं जग बघतं. दृश्य म्हणून जबरदस्त, न वाचलेल्या प्रेक्षकांना ते भयंकर आवडलं, पण वाचलेल्यांचं म्हणणं की शास्त्रज्ञाला एकट्याने वेड लागायची पाळी येते तो धागाच गेला. दोघांचंही बरोबर आहे, ते दोन वेगळ्या गोष्टी बघत होते.

मग येतो पाचवा भाग, पनामा कालव्याचा. या एका भागावर जितकं एकमत झालं तितकं कशावरच नाही. परग्रहवासीयांच्या भक्तांचं जहाज कालव्यातून जातंय, आडव्या ताणलेल्या अदृश्य नॅनोफायबरच्या तारा, आणि जहाज हळूहळू कापलं जातं, माणसांसकट. चिनी चाहत्यांसाठी हा पुस्तकातला सगळ्यात गाजलेला प्रसंग, तारा ताणलेल्या असतात म्हणून कादंबरीत त्या मोहिमेला गूझंग या चिनी तंतुवाद्याचं नाव आहे. टेन्सेंटनेही तो जीव ओतून केला होता आणि लोकांनी दोन्ही शेजारी लावून फ्रेम फ्रेम तुलना केली. पण नेटफ्लिक्सने एक गोष्ट वाढवली, जहाजावर लहान मुलं दाखवली. शाळा आहे, खेळतायत. आणि ज्या ऑगीने ते मटेरियल बनवलं ती हे बघते आणि आतून मोडते. यावर प्रेक्षक दोन बाजूंना गेले, काही म्हणाले की रडवायला मुलं घातली, काहींना तोच भाग महिनाभर डोक्यातून जाईना. मी दुसऱ्या बाजूचा आहे. आक्रमक अजून चारशे वर्षं लांब आहेत आणि माणसांनी माणसांची मुलं कापली, हे मुलं दाखवल्याशिवाय कळलं नसतं. 'शहाणपणाने, जगाच्या भल्यासाठी' असं म्हणत केलेली हिंसा, ती ये वेन्जिएने तरुणपणी पाहिलेल्या हिंसेच्या फार लांब नाही, आणि मालिकेने हे न बोलता दाखवलं याचं श्रेय तिला द्यायलाच हवं.

पाचव्या भागानंतर मात्र प्रेक्षक गळायला लागले असं प्रतिक्रियांवरून स्पष्ट दिसतं. शेवटच्या तीन भागांत दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकातलं बरंच काही आणलं, विलचे कॅन्सरमधले शेवटचे दिवस, त्याचं जिनवरचं न सांगितलेलं प्रेम, त्याचा फक्त मेंदू अंतराळात पाठवायची योजना. काही लोक विलसाठी ढसाढसा रडले, काहींना वाटलं आक्रमणाची मालिका बघत होतो, मधेच हे काय सुरू झालं. घाई झाली हे खरं आहे. आठ भागांत तीन पुस्तकांचे धागे पेरायचे म्हटलं की कोणाला तरी अन्याय होतोच, इथे तो विज्ञानाला झाला.

सातव्या भागातल्या जोकबद्दल सांगायलाच हवं. म्हातारी ये वेन्जिए सॉलला एक विनोद सांगते, आइन्स्टाइन स्वर्गात जातो, व्हायोलिन वाजवतो, आणि देवाबरोबर वाजवायला जाऊ नये असा त्याचा रोख. विनोद फारसा हसवणारा नाही, सॉललाही कळत नाही. पण वाचकांनी लगेच ओळखलं की दुसऱ्या कादंबरीत ती लुओ जीला विश्वातल्या संस्कृतींबद्दल दोन मूळ गृहीतकं सांगते, त्या जागी हा विनोद आलाय, कारण परग्रहवासी सगळं ऐकतात पण आडवळणाने बोललेलं त्यांना कळत नाही. आठवड्यानुआठवडे लोक त्याचा अर्थ लावत होते. ज्या आइन्स्टाइनसाठी बाप मेला त्याचाच विनोद मुलीच्या तोंडी, हे कोणा प्रेक्षकाने लिहिलेलं वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

खगोलशास्त्रवाल्यांची प्रतिक्रिया वेगळ्याच वळणाची, आणि मला ती वाचायला सगळ्यात मजा आली. गोष्टीतल्या परग्रहवासीयांच्या ग्रहाला तीन सूर्य आहेत आणि त्यांच्या बेभरवशाच्या गतीने तिथे जगणं कठीण झालंय, नावही तिथूनच. तीन वस्तूंच्या गतीला सर्वसाधारण सोपं सूत्र नाही हे खरं, एकोणिसाव्या शतकातल्या गणितज्ञ पॉइंकारेच्या काळापासून माहीत आहे. कादंबरीत ते तीन सूर्य म्हणजे अल्फा सेंटॉरी, पण खऱ्या अल्फा सेंटॉरीत दोन तारे एकमेकांभोवती साधारण 80 वर्षांत फिरतात आणि तिसरा प्रॉक्सिमा त्यांच्यापासून इतका लांब, पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे 13 हजार पट, की त्याला एक फेरी मारायला साडेपाच लाख वर्षं लागतात. तिथे गोंधळ नाही, बऱ्यापैकी शिस्त आहे. सूर्याला अॅम्प्लिफायर करून संदेश पाठवणं हीही कल्पनाच. पण त्या निमित्ताने एक खरा वाद परत वर आला, की आपण बाहेर हाक मारावी का. 1974 मधे पोर्टो रिकोतल्या आरेसिबो रेडिओ दुर्बिणीवरून एक संदेश मुद्दाम पाठवला गेला होता, 25 हजार प्रकाशवर्षं लांबच्या तारकागुच्छाकडे. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला आणि आसपासच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना उभ्या आहेत, त्या फक्त ऐकतात, पाठवत काहीच नाहीत. मालिकेत पलीकडून एक दयाळू आवाज ये वेन्जिएला सांगतो की उत्तर देऊ नका, देऊ नका, देऊ नका. ती देते. 'मी असते तर दिलं नसतं' असं हजारो प्रेक्षकांनी लिहिलं, आणि त्याखाली कोणीतरी दरवेळी विचारलेलं असायचं, पहिला प्रसंग नीट बघितलास ना?

म्हणून मला त्या प्रसंगाचं इतकं महत्त्व वाटतं. तिला पुढे जंगलतोडीच्या कामावर पाठवलं, पर्यावरणावरचं एक पुस्तक देणाऱ्या पत्रकाराने स्वतःची कातडी वाचवायला तिलाच अडकवलं, बापाला मारणाऱ्या मुलींपैकी एक पुढे भेटली तर तिला जराही पश्चात्ताप नव्हता. हे सगळं पाहिलेल्या प्रेक्षकाला ती चूक वाटते पण वेडी वाटत नाही. ज्याने ते टाळलं, किंवा ज्याला ते बदनामी म्हणून दिसलं, त्याच्यासाठी ती नुसती खलनायिका उरते आणि मग मालिकाही 'चिनी बाईने जग विकलं' एवढीच उरते.

आकड्यांचं म्हणाल तर पहिल्या चार दिवसांत 1 कोटी 10 लाख व्ह्यूज, वाईट नाही पण एवढ्या खर्चिक मालिकेला कमी पडतील अशी भीती चाहत्यांना होती. नेटफ्लिक्स पुढचं जाहीर करेना, दोन महिने लोक रोज विचारत होते. 15 मे 2024 ला जाहीर झालं की गोष्ट पूर्ण करणार. त्या वर्षी एमी या अमेरिकन टीव्ही पुरस्कारांमधे सर्वोत्कृष्ट ड्रामा मालिकेचं नामांकनही मिळालं. पुढे आता दुसरं पुस्तक आहे, तिन्हीतलं सगळ्यात अवघड, कारण त्यात नायकाने बराच काळ काहीच न करता बसायचं असतं आणि तरी सगळं जग त्याच्याकडे बघत असतं. सॉलला तसा वेळ द्यावा, आणि चिनी पात्रांना या खेपेला लढणाऱ्यांत खरी जागा द्यावी, एवढं निर्मात्यांनी केलं तर तक्रार करणाऱ्यांपैकी बरेच लोक व्हीपीएन लावून परत बघायला येतील.